उसनी पात्रे, आपली लेखणी

लेखनाची हौस असलेल्या मुलामुलींना घरातली वडील मंडळी एक उपदेश हमखास करतात : 'दुसऱ्याचे गिरवू नकोस, स्वतःचे काहीतरी लिही.' हा उपदेश दिसायला निर्दोष आहे. तथापि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने तो मनावर घेतला की ती कोऱ्या वहीपुढे तासभर बसते आणि अखेर पावसाळ्यावर किंवा आईवर चार ओळी खरडून उठते. त्या ओळी तिच्या स्वतःच्या खऱ्या, परंतु त्यांत तिचे मन मात्र फारसे नसते. त्याच मुलीला विचारून पाहावे, 'कच निघून गेला त्या रात्री देवयानी झोपली असेल का ग?' ती लगेच सांगू लागेल. देवयानी कोणाशी भांडली असेल, बापाला काय बोलली असेल, याविषयी तिचे मत ठाम असते आणि ते मांडायला शब्दही तिच्यापाशी असतात. ज्या लेखणीला स्वतःचे काही सापडत नव्हते, ती व्यासांच्या देवयानीविषयी मात्र दोन पाने अडखळल्यावाचून लिहून जाते.

आवडत्या ग्रंथातील, नाटकातील वा चित्रपटातील पात्रे घेऊन वाचकानेच त्यांची पुढची, मागची किंवा मधली गोष्ट रचायची, या प्रकाराला हल्लीची तरुण मंडळी 'फॅन फिक्शन' म्हणतात. आपण त्याला चाहत्यांचे लेखन म्हणू. साहित्याच्या प्रतिष्ठित बैठकीत या लेखनाला अजून पाट मांडला जात नाही. ते उसनवारीचे, बालिश आणि फार तर करमणुकीपुरते, असे मानण्याकडे जाणत्यांचा कल दिसतो. हा निवाडा बरोबर आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. तो मालवणी मुलखात उभे राहून केला तर सोपा जाईल, कारण चाहत्यांचे लेखन ही वस्तू या मुलखाला मुळीच नवी नाही. येथे ती रात्र रात्र जागून पाहिली जाते. फक्त ती कागदावर उतरत नाही, एवढेच.

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस सुरू होतात. कार्तिकापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या देवळांपुढे दशावताराचे खेळ होत राहतात. प्रथम गणपती, मग ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू असा ठरलेला पूर्वरंग होतो. या भागाला आडदशावतार म्हणतात. त्यानंतर मुख्य आख्यान लागते. हे आख्यान बहुधा पुराणातले. परंतु त्याची लिहिलेली संहिता परंपरेने नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो, कोण कोणते पात्र करणार ते ठरते, आणि रंगभूषा झाली की नट त्या एका बाकड्यापुढे येऊन उभा राहतो. हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांची साथ असते. पुढचा प्रत्येक शब्द नटाने तेथल्या तेथे घडवायचा असतो.

या पद्धतीचा समीक्षकाच्या दृष्टीने विचार केला तर तिच्यात दोन नियम आढळतात. पहिला नियम बंधनाचा. कीचक मेलाच पाहिजे, द्रौपदीची लाज राखली गेलीच पाहिजे, दुष्ट राजाला अखेर शासन झालेच पाहिजे. देवळापुढे बसलेल्या म्हातारीला सारी कथा पाठ असते, आणि तिच्या देखत कथेचा शेवट बदलण्याची कोणाची छाती नसते. दुसरा नियम मोकळिकीचा. त्या ठरलेल्या शेवटापर्यंत पोहोचताना सैरंध्रीने सुदेष्णेला काय म्हणावे, कीचकाने बहिणीची समजूत कशी घालावी, भीमाने आपला राग किती वेळ गिळावा, हे सर्वस्वी नटाच्या हाती. म्हणजे काय घडणार हे व्यासांनी ठरवलेले आणि ते का व कसे घडले हे वेंगुर्ल्याच्या किंवा कुडाळच्या एखाद्या नटाने ठरवायचे. प्रेक्षकांची उत्सुकताही या दुसऱ्या गोष्टीवरच जडलेली असते. पहाटे दहीकाला होईपर्यंत माणसे बसून राहतात ती कीचक मरतो की नाही हे पाहण्यासाठी नव्हे. आजची सैरंध्री काय बोलते, हे त्यांना ऐकायचे असते.

चाहत्यांच्या लेखनाचे सारे शास्त्र या दोन नियमांत सामावले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नवशिक्या लेखकाला कथानक रचणे जड जाते. पात्रे उभी करणे त्याहून जड. उसन्या पात्रांच्या साहाय्याने लिहिताना ही दोन्ही ओझी उतरतात आणि त्याचे सारे बळ एकाच गोष्टीवर खर्चता येते : या माणसाने या क्षणी असे का केले असावे? लेखनाचा मूळ धडा हाच आहे, आणि दशावतारी तो रोज रात्री गिरवतो.

उलट बाजूचा पुरावाही याच रंगभूमीवर मिळतो. अलीकडे दशावतारात काल्पनिक आख्याने पुष्कळ झाली आहेत. नावे पौराणिक थाटाची, परंतु राजा, राणी, शाप, वर सारे नव्याने रचलेले. शिवाय 'ट्रिकसीन'ची जाहिरात असते, म्हणजे डोळे दिपवणारे चमत्कार. नव्या प्रेक्षकांना ओढण्यासाठी हे करावे लागते, हे समजण्यासारखे आहे, आणि त्यांतही चांगले नट रंग भरतात. परंतु अशा पुष्कळ आख्यानांत एक उणीव जाणवते. शेवट मोकळा राहिल्याने अडचण आली की शाप द्यायचा आणि अडचण नको झाली की उःशाप द्यायचा, अशी सोय होऊन बसते. कथेचे बंधन सुटल्याबरोबर पात्राच्या मनात शिरण्याची गरजही सुटते. नवशिक्या लेखकाने यावरून बोध घ्यावा. मूळ कथेतल्या घटना जितक्या कमी बदलाल, तितके पात्राच्या अंतरंगात अधिक खोल उतरावे लागेल.

कोणी म्हणेल, ही लोककलेची गोष्ट झाली, अभिजात साहित्याचे काय? तर अभिजात साहित्याची स्थिती याहून वेगळी नाही. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतलेची ओळख असते, आणि तरी तो भर सभेत ती नाकारतो. कालिदासाला हा राजा रुचला नसावा. त्याने दुर्वासाचा शाप आणि अंगठी या दोन गोष्टी कथेत आणल्या, आणि राजाचा अपराध विस्मरणावर ढकलला. नाटक अजरामर झाले, पण राजा जरा स्वस्तात सुटला, असे आजच्या वाचक स्त्रीला वाटले तर ती चुकते आहे असे म्हणवत नाही. विदर्भातल्या पद्मपुराचा भवभूती याच्या पुढे गेला. रामायणाच्या उत्तरकांडात सीता भूमीच्या पोटात जाते. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रामसीतेची भेट घडवून आणली. शेवट न साहणाऱ्या वाचकाने शेवट बदलण्याचे इतके जुने आणि इतके उदात्त उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवधा'त व्यासांच्या कथेला धक्का लावला नाही, आणि तरी १९०७ सालच्या प्रेक्षकांना कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तो दिसला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. उसन्या पात्रांचे लेखन बालिश असते, हे निदान त्या सरकारला तरी पटले नव्हते.

आता पुन्हा सिंधुदुर्गाकडे वळू. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. वय बावीस. मनावर श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी या दोघांचे दाट संस्कार झालेले. त्यांच्या प्रारंभीच्या लेखनातले कल्पनाविलास, कोट्या आणि अलंकार पाहिले की गुरूंची छाया स्पष्ट ओळखू येते. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली १९३० साली, म्हणजे शिरोड्याला आल्यानंतर दहा वर्षांनी. या दहा वर्षांत शाळा, मुले, वर्गातले शिकवणे आणि त्याच्या जोडीने सतत चाललेले लेखन असा त्यांचा काळ गेला. पुढे १९३४ साली 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' आल्या. आपल्याकडे प्रतिभेच्या गोष्टी फार आवडीने सांगितल्या जातात. या दहा वर्षांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, कारण तीत चमत्कार नाही. नोकरी सांभाळून एका लहान गावात सातत्याने लिहिणारा एक शिक्षक, एवढाच तिचा विषय आहे. नव्या लेखकाला मात्र हीच गोष्ट अधिक उपयोगी आहे.

याच खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला, आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला तेव्हा तो मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ होता. ही कादंबरी आपण चाहत्यांच्या लेखनाचा नमुना म्हणून तपासली तर काय दिसते? महाभारतात ययातीची कथा एका उपाख्यानापुरती. खांडेकरांनी ती ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली. संजीवनी विद्या घेऊन निघून जाणारा कच त्यांनी परत आणला आणि त्याला ययातीच्या समोर उभे केले. अलका, मुकुलिका अशी नवी पात्रे घातली. मूळ कथेत शर्मिष्ठेला तीन मुलगे, येथे एकटा पुरू. मूळचा ययाती मुलाचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग घेतो. कादंबरीतल्या ययातीला एवढी मुदत खांडेकर देत नाहीत.

यांतले कोणते बदल साधले आणि कोणते नाहीत? शर्मिष्ठेला आवाज दिला, हा सर्वांत मोठा लाभ. राजकन्या असून दासी झालेली ही स्त्री मूळ कथेत कोपऱ्यात उभी असते. खांडेकरांनी तिच्याकडे दिवा नेला आणि साऱ्या कथेचा तोल बदलला. देवयानीलाही स्वतःची बाजू मांडायला मिळाली, आणि तिचा अहंकार तिच्याच शब्दांत ऐकल्यामुळे तो आपल्याला अधिक कळतो. कच मात्र पुष्कळ ठिकाणी माणूस न राहता विचार होतो. तो बोलू लागला की शिरोड्याच्या शाळेतले गुरुजी फळ्यापाशी येऊन उभे राहिल्याचा भास होतो. यात गंमत अशी की कच हा खांडेकरांचा सर्वांत लाडका. लाडक्या पात्राला चूक करू द्यायला लेखकाचे मन धजत नाही, आणि तेथेच ते पात्र निर्जीव होऊ लागते. जे खांडेकरांसारख्या मुरलेल्या लेखकाच्या बाबतीत घडले, ते नवशिक्याच्या बाबतीत पानोपानी घडते.

हा भक्तीचा धोका महाराष्ट्रातल्या तरुण लेखकांना कर्णाच्या बाबतीत विशेष संभवतो. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून कर्णाला घरोघरी नेले. त्या कादंबरीत कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांनाही बोलते केले आहे, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु कादंबरी मिटल्यावर वाचकाच्या मनात राहतो तो अन्याय झालेला तेजस्वी कर्ण. द्यूतसभेत द्रौपदीविषयी हीन शब्द काढणाऱ्या कर्णाकडे पाहायला भक्ताचे डोळे तयार नसतात. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचे 'युगान्त' आले. त्याला १९६८ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्यावर माया केली, पण त्यांची वकिली केली नाही. प्रत्येकाला त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला. आवडत्या पात्रावर लिहू पाहणाऱ्या मुलामुलींनी ही दोन पुस्तके जोडीने वाचावीत. एकाने पात्रावर प्रेम कसे करावे ते कळेल, दुसऱ्याने प्रेम करूनही डोळे उघडे कसे ठेवावेत ते कळेल.

प्रेम आणि प्रश्न यांच्या जोडीला तिसरा मार्ग आहे तो हसण्याचा. मालवणी माणसाला तो जन्मतःच ठाऊक असतो. दशावतारातला संकासुर वेद पळवायला येतो आणि देवादिकांच्या जड मराठीत मालवणी बोलून हशा पिकवतो. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' १९२५ साली आली, आणि रविकिरण मंडळाच्या कवींच्या लकबी महाराष्ट्राला हसत हसत कळल्या. विडंबन हे चाहत्यांच्या लेखनाचे खट्याळ भावंड आहे, आणि ते करायला मूळ कविता इतकी बारकाईने वाचावी लागते की तेवढी ती निस्सीम भक्तही वाचत नाही. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावकरी मिळून द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवतात, एवढाच त्याचा विषय. वरकरणी तो थट्टेचा फार्स आहे. परंतु थट्टा महाभारताची नाही. महाभारतावर जीव टाकणाऱ्या, पण पाठांतर, वेशभूषा आणि मानपान यांत पुरत्या अडकलेल्या आपल्याच माणसांची ती आहे. चाहत्यांनी चाहत्यांवर लिहिलेले याहून प्रेमळ नाटक मराठीत नसेल. हसण्यात कडवटपणा नसल्यामुळेच ज्यांची थट्टा झाली ते गावकरीच आधी तिकीट काढून गेले.

एवढ्या विवेचनानंतर वाचक विचारतील, 'हे सगळे खरे, पण आमच्या मुलीने आरंभ कोठून करावा?' त्याला उत्तर असे की, गाजलेल्या पात्रापेक्षा त्याच्या शेजारच्या पात्रापासून करावा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर नवे काही लिहिणे कठीण. पण तळीरामाची बायको गीता? तिच्या घरातली एक संध्याकाळ लिहून पाहावी. चिं. वि. जोशांचे चिमणराव स्वतःविषयी पुष्कळ बोलले आहेत. एखादा प्रसंग काऊच्या तोंडून सांगितला तर चिमणराव कसे दिसतील? पात्र निवडल्यावर एकच प्रश्न वहीच्या डोक्यावर लिहावा आणि तेवढ्याचेच उत्तर शोधावे. एकच जागा, एकच वेळ, दोनच माणसे. मूळ लेखकाने सांगितलेले काही खोटे ठरवू नये. त्याने न सांगितलेले शोधावे. आजची मते जुन्या पात्राच्या तोंडी घालण्याचा मोह फार होतो, तो आवरावा. गीतेला आजच्या सभेतले भाषण करायला लावले की ती गीता उरत नाही. तिच्या काळात, तिच्या घरात, तिला शक्य होते तेवढ्याच शब्दांत तिचा राग व्यक्त करता आला, तर ते खरे लेखन.

आणि लिहून झाल्यावर कसोटी कोणती लावावी? भाषा सुंदर आहे काय, हा प्रश्न नंतरचा. आपले पान वाचून झाल्यावर मूळ पुस्तक पुन्हा उघडावे. तेथे गीता बोलू लागली की पूर्वी न जाणवलेले काही जाणवते काय? जाणवत असेल तर उसनवारी फिटली, वर व्याजही दिले. मूळ पुस्तक होते तसेच राहिले असेल, तर आपण नुसती नावे वापरली असे समजावे आणि दुसरे पान घ्यावे.

हे दुसरे पान म्हणजेच सवय. सवयीच्या बाबतीतही दशावतारी नटासारखा गुरू नाही. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' असे त्याच्याविषयी म्हणतात. रात्री मुकुट घालून राज्य करायचे आणि उजाडताच सामानाची पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची. आज गाड्या आल्या, पण नेम सुटला नाही. जत्रेची तारीख गावाच्या देवाची असते, नटाच्या लहरीची नसते. घसा बसलेला असो, मन उदास असो, तिथी आली की उभे राहायचे. पहिल्या रात्री रंगलेला प्रवेश दुसऱ्या गावात पडतो, तिसऱ्या गावात पुन्हा उभा राहतो. एका पडलेल्या प्रयोगाचा शोक करायला सवडच नसते, आणि बहुधा त्यामुळेच माणूस शिकतो. पावसाळा आला की खेळ थांबतात. अनेक नट शेतीला लागतात. विसाव्याचाही असा हंगाम ठरलेला असतो.

लिहू लागलेल्या मुलाने अशीच आपली एक जत्रा ठरवावी. आठवड्यातला एक वार आणि ऐकायला घरातले एक माणूस, मग ती आजी असो की धाकटा भाऊ. त्या दिवशी एक पान वाचून दाखवायचेच. पान चांगले साधले असेल तेव्हाच वाचीन, असा हट्ट धरू नये. रोज किती लिहावे याची फार चिंता करू नये. अर्धे पान पुरे, पण जागा आणि वेळ बदलू नये. आदल्या दिवशी वाक्य पुरे न करता उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी गाठ पडत नाही. आणि ऐकणाऱ्याने स्तुती किंवा निंदा न करता एवढेच विचारावे, 'मग पुढे काय झाले?' किंवा 'पण ती असे का म्हणाली?' वडील माणसांनी हा एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, तर मुलांच्या लेखनाची सवय आपोआप जडेल. आजवर पुष्कळ वह्या बंद झाल्या त्या न लिहिता आल्यामुळे नव्हेत. कोणी ऐकायला बसले नाही म्हणून त्या बंद झाल्या.

व्यवहाराचीही एक बाजू सांगून ठेवणे इष्ट आहे. व्यास, वाल्मीकी, कालिदास यांच्यापाशी कोणाची परवानगी मागायची नसते. आधुनिक लेखकांचे तसे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती, ती १९९२ साली वाढली. गडकरी १९१९ साली वारले, तेव्हा गीता आणि तळीराम आज सर्वांचे आहेत. चिं. वि. जोशी १९६३ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ १ जानेवारी २०२४ पासून मोकळे झाले. खांडेकर १९७६ साली वारले, म्हणून त्यांच्या लेखनावरचे हक्क २०३६ अखेरपर्यंत राहतील. येथे एक मौज आहे : ययाती व्यासांचा म्हणून मोकळा, पण अलका खांडेकरांची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर २०६१ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या हक्कात आहे. घरच्या वहीत त्याला मालवणात आणून किल्ल्यावर चोर पकडायला लावायला कायद्याची आडकाठी यायची नाही. छापून विकायचे असेल तेव्हा मात्र परवानगी घ्यावी. आणि कायदा काही म्हणो, ज्याचे पात्र घेतले त्याचे नाव पानाच्या माथ्यावर लिहावे. दशावतारी खेळाआधी गणपतीला नमन करतो, तशीच ही रीत समजावी.

अखेर एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. दुसऱ्याच्या अंगणात खेळायची गोडी लागली की माणूस आपले घर बांधायचे विसरतो. ठरावीक पात्रांवर ठरावीक वाचकांसाठी लिहीत राहिले की वाहवा सहज मिळते, आणि सहज मिळणारी वाहवा लेखणीला बोथट करते. वर्षानुवर्षे तोच कर्ण, तेच अश्रू लिहीत राहिलेले लेखक आपल्या पाहण्यात आहेत. या आक्षेपाला खांडेकरांचे उदाहरण हेच उत्तर आहे, आणि तो इशाराही आहे. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या छायेत आरंभ करणारा हा शिक्षक त्या छायेत बसून राहिला नाही. त्याने शिरोड्याच्या आसपासची माणसे पाहिली, त्यांच्यावर लिहिले, आणि उसन्या कथेकडे तो 'ययाति'त पुन्हा आला तेव्हा त्याच्यापाशी साठ वर्षांचे स्वतःचे आयुष्य होते. नव्या लेखकालाही तो दिवस ओळखता यावा. गीतेच्या घरातली संध्याकाळ लिहिताना एखाद्या दिवशी गीता शेजारच्या काकूंसारखी बोलू लागते, तिच्या चुलीवर आपल्या घरची पेज शिजू लागते, आणि तळीरामाचे नाव लिहिण्याची गरजच वाटत नाही. तसे झाले की नाव खोडावे आणि तेथे नवे नाव लिहावे.

म्हणून या दिवाळीत मुलांच्या हाती फराळाच्या ताटाबरोबर एक कोरी वही द्यावी, आणि 'स्वतःचे काहीतरी लिही' हा उपदेश तूर्त बाजूला ठेवावा. 'तुला कोण आवडते?' एवढेच विचारावे, आणि ती सांगू लागली की निवांत ऐकायला बसावे.